मेलेल्या सापालाही पत्ता हवा

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, नागपूर

महोदय,



शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मागे टाकून तोरणमाळला चढणारा घाट आपल्या खात्याच्या जंगलातून जातो. पावसाळ्यात या रस्त्यावर गाड्यांखाली साप मरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मृत सापडलेला वन्यप्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता असते. म्हणजे घाटात चिरडलेली धामण, नानेटी किंवा हरणटोळ कायद्याने सरकारी आहे. कावळे, मुंगूस, मुंग्या आणि ऊन मिळून ही सरकारी मालमत्ता दोन दिवसांत संपवतात आणि तिची कुठेही नोंद राहत नाही.

दुसरा कायदा जैविक विविधता अधिनियम, २००२. योगायोग असा की त्याचेही कलम ३९च आमच्या कामाचे आहे. ते सांगते की कोणालाही प्राण्याची किंवा वनस्पतीची नवी जात सापडली, तर त्याने ती शासनाने नेमलेल्या संग्रहसंस्थेला कळवावी आणि पुराव्याचा नमुना तिथे जमा करावा. एक कायदा मेलेला साप सरकारच्या ताब्यात देतो, दुसरा म्हणतो की नव्या जातीचा नमुना संग्रहात असलाच पाहिजे. पण पहिल्या कलमातला साप दुसऱ्या कलमातल्या बरणीपर्यंत न्यायचा कसा, हे घाटात ड्युटीवर उभ्या असलेल्या वनरक्षकाला कोणी सांगितलेले नाही. ते आपण सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र. आणि ते खासगीत न पाठवता उघड लिहितो आहे, कारण या कामात वनखात्याइतकाच सर्पमित्रांचा, शिक्षकांचा आणि सातपुड्यातल्या पाड्यांचा वाटा असणार आहे.

अशी मागणी करायचा हक्क तोरणमाळच्या जंगलाला इतरांपेक्षा थोडा जास्त आहे. संग्रहालयातल्या नमुन्यामुळे काय हरवते आणि काय परत मिळते, याचा जगभर सांगितला जाणारा दाखला याच डोंगराच्या पायथ्याशी घडला. तो सापाचा नाही, रानपिंगळ्याचा आहे. तरी सापांविषयी बोलायच्या आधी तो सांगायलाच हवा.

डिसेंबर १८७२ मध्ये, आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात, एफ. आर. ब्लेविट यांना एक लहानसे घुबड मिळाले. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेच्या पुस्तकात भेटणारे ह्यूम ते हेच. मग खानदेशात नोकरीला असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याकडच्या रानातून याच घुबडाचे नमुने जमवले आणि पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही १८८२ मध्ये छापली. त्यानंतर हा पक्षी दिसेनासा झाला. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी उरली.

त्या सातांपैकी एकावर चिठ्ठी होती ती १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची, आणि संग्राहक म्हणून नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचे. सर्वांत अलीकडची नोंद तीच, म्हणून पक्ष्याचा शोध घेणाऱ्यांचे लक्ष मांडवीकडे वळले. पक्षी तिथे मिळाला नाही. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी इंग्लंडमधल्या संग्रहातली ही कातडी पुन्हा तपासायला घेतली. कातडे कसे सोलले आहे, आत काय भरले आहे, शिवण कशी आहे, क्ष-किरणात हाडे कशी दिसतात, हे त्यांनी एकेक करून पाहिले. तेव्हा उघड झाले की मांडवीचा तो पक्षी मांडवीचा नव्हताच. तो डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना होता. माइनर्ट्‌झहागेन यांनी तो संग्रहालयातून चोरला, उसवून पुन्हा भरला आणि स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी लावली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे प्रकरण १९९९ मध्ये पुराव्यांसह छापले.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खरे पत्ते उरले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्या पत्त्यांवर निघाले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या आणि शेवटी शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा त्यांच्या समोर बसलेला होता. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो झाला १ जुलै १९९८ ला. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तळोदा आणि तोरणमाळच्या जंगलातही हा पक्षी मिळाला, मग मेळघाटात आणि नंतर तानसातही. शंभरावर वर्षे खात्रीने न दिसलेला पक्षी आपल्या जुन्याच घरी राहत होता. चूक होती ती चिठ्ठीतल्या पत्त्यात.

महोदय, संग्रहालयातल्या नमुन्याची चिठ्ठी म्हणजे त्याचा सातबारा. जनावर कोणते, कुठे मिळाले, कधी मिळाले, कोणाला मिळाले, एवढ्या चार गोष्टी त्यावर खऱ्या असल्या की तो नमुना शंभर वर्षांनीही साक्ष देतो. त्यातली एक खोटी असली तर तो शंभर वर्षे दिशाभूल करतो. आणि चिठ्ठीच नसली, तर बरणीतला साप ही केवळ भिववायची वस्तू उरते.

आता सापांकडे येतो. नवी जात म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल, हातात काठी घेतलेला संशोधक आणि वळवळणारे अनोळखी जनावर उभे राहते. प्रत्यक्षात पुष्कळ नव्या जाती कपाटात सापडतात. नव्या जातीचा पहिला नमुना हाती लागल्यापासून तिचे वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असा हिशेब बेनुआ फोंतेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडला. तेवढा काळ ती जात कुठल्या तरी फळीवर, चुकीच्या नावाने, अल्कोहोलमध्ये पडून असते. मेक्सिकोत १९७६ मध्ये एका प्रवाळ सापाच्या पोटात गिळलेला दुसरा साप मिळाला. तो जपून ठेवला गेला आणि २०१८ मध्ये त्याचे वर्णन नव्या वंशाची नवी जात म्हणून झाले. तो साप जिवंत कोणी पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या पोटातून निघालेल्या त्या मेलेल्या सापाला चिठ्ठी लावून ठेवणारे कोणी तरी होते, म्हणून आज त्याला नाव आहे.

आपल्याकडची उदाहरणे याहून जवळची आहेत. झाडांवर सरसर फिरणाऱ्या रुखईच्या कुळातला एक साप पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत एकाच नावाने ओळखला जाई. गेर्नोट फोगेल आणि योहान फान रॉयन यांनी दोन्हीकडचे संग्रहालयातले नमुने समोरासमोर ठेवून मोजमापे घेतली आणि २०११ मध्ये घाटातला साप वेगळा काढला. त्याच्या शास्त्रीय नावात आता वरद गिरी यांचे आडनाव आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहाची ज्यांनी वर्षानुवर्षे देखभाल केली, ते हे गिरी. संग्रह सांभाळणाऱ्याचे नाव संग्रहातून निघालेल्या सापाला मिळावे, हे मला फार न्याय्य वाटते.

२०१६ मध्ये डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी जमिनीखाली राहणाऱ्या खापरखवल्याच्या कुळातल्या एका काळ्या, चकचकीत सापाला वेगळी जात ठरवले. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातला हा साप तोवर दक्षिणेकडच्या दुसऱ्या जातीच्या नावावर खपत होता. त्या लहानशा वंशात जवळजवळ दीड शतकाने नव्या जातीची भर पडली आणि तिला कात्रजच्या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचे नाव दिले गेले. ज्या जुन्या जातीशी त्याची गल्लत होत होती, तिचे वर्णन करणारे कर्नल रिचर्ड हेन्री बेडोम हे मद्रास इलाख्याच्या वनखात्याचे प्रमुख होते. दक्षिणेतल्या खापरखवल्यांपैकी कितीतरींची वर्णने त्यांच्या नावावर आहेत. म्हणजे भारतातल्या सर्पशास्त्राचा बराचसा पाया आपल्याच खात्यातल्या एका अधिकाऱ्याने, जंगल फिरता फिरता, बरण्या भरून घातला आहे. मी आज मागतो आहे ते खात्याला नवे नाही.

२०१७ मध्ये सह्याद्रीतल्याच पाण्यात राहणाऱ्या एका सापाला वेगळे नाव मिळाले. २०२० मध्ये हरणटोळाची पाळी आली. आपण सारे ज्याला एकच हरणटोळ समजत होतो, त्याचे जुने शास्त्रीय नाव श्रीलंकेतल्या सापापुरते उरले आणि अशोककुमार मल्लिक आणि सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातून हरणटोळाच्या पाच नव्या जाती एकाच लेखात मांडल्या. २०२३ मध्ये हर्षिल पटेल, तेजस ठाकरे, पॅट्रिक कॅम्पबेल आणि झीशान मिर्झा यांनी सह्याद्रीच्या नावाचा स्वतंत्र वंश करून त्यात उत्तर पश्चिम घाटातली नवी जात घातली. त्या चौघांतले कॅम्पबेल लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले आहेत. कारण नवे नाव द्यायचे तर आधी जुन्या नावाचा मूळ नमुना पाहावा लागतो आणि आपल्या सापांचे जुने मूळ नमुने बहुतेक लंडनला आहेत. मूळ नमुना म्हणजे होलोटाइप. जातीचे नाव कायमचे त्या एका सापाला बांधलेले असते. वाद झाला की सगळे त्या बरणीपाशी जातात.

हे काम चालते कसे, तेही थोडक्यात लिहितो, म्हणजे रस्त्यावरच्या फाटक्या सापातही काय शिल्लक असते ते ध्यानात येईल. अभ्यासक गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पोटाचे आडवे खवले मोजतो. सापात पोटाचा एक खवला साधारण एका मणक्याशी जुळतो, म्हणून ही मोजणी सांगाड्याचीही मोजणी असते. मग शेपटीखालचे खवले, ते एकेरी की जोडीचे, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या किती रांगा, ओठांवर किती खवले आणि त्यांतले किती डोळ्याला टेकतात, दात किती, नराच्या जननेंद्रियाची ठेवण कशी. सोबत स्नायूचा चिमूटभर तुकडा असेल तर डीएनए. घाटात गाडीचे चाक डोक्यावरून गेलेल्या सापाचेही पोट, शेपूट आणि स्नायू बहुतेक वेळा शाबूत असतात. त्यातून मिळणारी माहिती उत्तम छायाचित्रातूनही मिळत नाही.

कोणी म्हणेल, खवले मोजून कोणाचे पोट भरले? उत्तर नंदुरबारसारख्या जिल्ह्यातच मिळेल. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यातली. आपली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. बेंगळुरूच्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ मध्ये या चौघांबाहेरच्या विषारी सापांची विषे तपासली, तेव्हा सिंधी मण्यारीचे विष त्यांत सर्वांत जहाल निघाले आणि लस त्यापुढे तोकडी पडली. आता ही मण्यार आपल्या नेहमीच्या मण्यारीहून वेगळी ओळखायची कशी? दोघीही काळ्या, दोघींच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. साध्या मण्यारीच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या १५ रांगा असतात, सिंधीच्या १७ किंवा १९. दोन रांगांचा हा फरक रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोचतो.

आता आमच्या डोंगराविषयी. वर सांगितलेले रुखई, खापरखवल्याचे भाईबंद, पाण्यातले साप, हे सगळे सह्याद्रीतले. सह्याद्री मुंबई-पुण्याच्या दाराशी आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून आहे, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. शनिवार-रविवारी निघून परत येता येते. तोरणमाळ तसे नाही. मुंबईहून निघालेला माणूस इथे पोचेपर्यंत एक दिवस जातो आणि शहाद्यापुढे धडगाव, अक्राणीकडचे रस्ते त्याची आणखी परीक्षा पाहतात. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वरचे हे पठार, यशवंत तलावाचे पाणी, सीताखाईची दरी, खाली तापीच्या खोऱ्यातले सपाट शेत आणि उत्तरेला नर्मदेकडे उतरणारे सुळके. एवढ्या थोड्या अंतरात इतकी उंची आणि इतके कोरडे-ओले बदल जिथे असतात, तिथे प्राण्यांच्या जाती वेगळ्या होण्याला जागा असते.

शास्त्रानेही सातपुड्याला मोठे स्थान दिले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी, हिमालयाकडचे मासे आणि इतर प्राणी सातपुड्याच्या रांगेने चालत पश्चिम घाटापर्यंत पोचले, असे गृहीतक मांडले. ते सातपुडा गृहीतक म्हणून आजही चर्चेत आहे. कोणी मान्य करतो, कोणी खोडतो. खरे असेल तर त्या वाटेचा पश्चिमेकडचा शेवटचा टप्पा आमच्या बाजूला येतो. गृहीतक तपासायचे तर या टप्प्यावरचे नमुने हवेत. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सातपुड्यातल्या बिबट्या पालीचे वर्णन केले आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातपुडा आला. पालीला जे मिळाले ते सापांना मिळायला हरकत कसली? आमच्या हरणटोळाला २०२० नंतर जुने नाव लावता येत नाही. त्याला खरे नाव लावायचे तर तोरणमाळचा हरणटोळ, तोरणमाळची चिठ्ठी लावून, कुठल्या तरी सार्वजनिक फळीवर असला पाहिजे.

या मागणीवर येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला आक्षेप हत्येचा. शास्त्रासाठी प्राणी मारावा का, यावर २०१४ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात जोरदार वाद झाला. एका बाजूने म्हटले की दुर्मीळ प्राण्यांचे नमुने घेणे थांबवा, दुसऱ्या बाजूने शंभरावर शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिले. पुण्याच्या रमण अत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातल्या एका नव्या पक्ष्याचे वर्णन पक्षी न मारता केले. जाळ्यात गळलेली पिसे, मोजमापे आणि छायाचित्रे यांवर भागवले आणि पक्षी सोडून दिला. मला तो निर्णय थोर वाटतो. म्हणूनच या पत्रात मी एकही जिवंत साप मागत नाही. घाटात मेलेले, विहिरीत बुडालेले, वस्तीत भीतीपोटी मारले गेलेले, सर्पमित्राच्या हातात आधीच्याच जखमेने दगावलेले, एवढेच मागतो. ते मेलेलेच आहेत. आता प्रश्न एवढाच की त्यांचे मरण वाया घालवायचे की कामी आणायचे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. मेलेला साप गोळा करायची मुभा दिली तर कातडीचे, मांडुळाचे व्यापारी त्या आडून हात धुऊन घेतील. भीती खरी आहे. म्हणून मुभा व्यक्तीला नको, व्यवस्थेला हवी. साप उचलणारा कोणीही असो, तो त्याच दिवशी वनरक्षकाच्या नोंदवहीत चढला पाहिजे, आणि नोंद नसलेला साप जवळ बाळगणे आजच्यासारखेच गुन्हा राहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की साठवून तरी काय उपयोग, संग्रहच टिकत नाहीत. हेही खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा संग्रह सुरक्षित राहावा म्हणून कलकत्त्याहून वाराणसीला हलवला आणि १९४३ च्या वरुणा नदीच्या पुरात तिथेच त्याचे मोठे नुकसान झाले. ब्राझीलच्या साओ पाउलोतल्या बुटांटान संस्थेत सर्पदंशाच्या अभ्यासासाठी शंभर वर्षे जमवलेले सुमारे ८०,००० साप १५ मे २०१० च्या आगीत गेले. सापांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक तो. ज्या अल्कोहोलने साप टिकतात तेच पेट घेते. पण यावरून निघणारा धडा 'साठवू नका' असा नाही. एका जागी सगळे ठेवू नका, नोंदी वेगळ्या ठेवा, उतींचे तुकडे दुसऱ्या गावी ठेवा, असा तो धडा आहे.

तेव्हा, महोदय, माझे मागणे पाच कलमांत.

एक. तोरणमाळच्या घाटापासून सुरुवात करून मृत सापांसाठी एक पानी कार्यपद्धती काढावी. साप सापडला की आधी पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र, मग तारीख, वेळ, जागा (मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात), उंची, ज्याला सापडला त्याचे नाव. साप चिमट्यानेच उचलावा. नुकत्याच मेलेल्या घोणशीचे किंवा नागाचे डोकेही चावा घेऊ शकते, हे ठळक अक्षरांत छापावे. अंगावर फॉर्मॅलिन घालण्यापूर्वी स्नायूचा लहान तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा काढावा, कारण फॉर्मॅलिनने डीएनए बिघडतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून सापाला बांधावी. बरणीच्या झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी झाकणाबरोबर बदलते.

दोन. शहादा किंवा तोरणमाळच्या वनकार्यालयात एक कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही असावी. वर्षातून एकदा तिथले नमुने पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्राकडे किंवा मुंबईच्या सोसायटीकडे रीतसर सोपवावेत आणि पावतीची प्रत वनकार्यालयात राहावी.

तीन. अधिनियमाच्या कलम १२ खाली शास्त्रीय संशोधनासाठी परवानगी देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी केंद्राची पूर्वसंमती लागते. परवानगी द्यावी की नाही, हे आपण ठरवावे. पण उत्तर किती दिवसांत मिळेल ते आधी जाहीर असावे. साप पावसाळ्यात दिसतात. दिवाळीला मिळालेली परवानगी त्या वर्षी निरुपयोगी असते.

चार. खानदेशातल्या महाविद्यालयांच्या प्राणीशास्त्र विभागांत जुन्या बरण्या असतील, त्यांची एकदा यादी करून घ्यावी. जिच्यावर गाव आणि साल आहे अशी प्रत्येक बरणी मोलाची आहे. साप पिवळा पडला असेल, पण खवले पिवळे पडूनही मोजता येतात.

पाच. चिठ्ठीवर, नोंदवहीत आणि पुढे जे छापले जाईल त्यात, साप ज्याला सापडला त्या पावरा किंवा भिल्ल माणसाचे नाव, त्याची संमती घेऊन, यावे. डेव्हिडसन यांच्यासाठी रान तुडवणारे कोण होते, ते आज कोणाला ठाऊक नाही. कपाटातल्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे, लोक जैवविविधता नोंदवहीत लावण्यासाठी, जावी. त्या सापाला पाड्यावर काय म्हणतात, तो कुठे दिसतो, कोणत्या महिन्यात दिसतो, हे तिथे आधीच माहीत आहे.

या पाचांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. चिमटा, बरणी, अल्कोहोल, पेन्सिल आणि आपली सही, एवढे पुरते. सर्पमित्रांनाही या निमित्ताने सांगतो: साप वाचवला की फोटो टाकता, तसा साप मेला की जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि वनरक्षकाला कळवा. तेही त्या जातीसाठी केलेले कामच आहे. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला आणि पावसात धबधबे पाहायला गाड्या घेऊन येणाऱ्यांनाही विनंती आहे की घाटात, विशेषतः रात्री, वेग कमी ठेवा. कपाट रिकामे राहिले तर आम्हाला आनंदच आहे.

महोदय, मृगाच्या आधी हा आदेश निघाला, तर यंदाच्याच पावसाळ्यात पहिली नोंद होईल. तो काढावा, ही नम्र आणि आग्रहाची विनंती.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक रहिवासी,
शहादा, जि. नंदुरबार